लेकराची साक्ष आणि परनिंदा

हरिभक्तहो, परनिंदा करू नये, ऐकूही नये, हे आपण माळ घालताना पत्करलेले असते. अडचण इथेच येते. शेजारचे पोर अमका पाहुणा आला की ओसरीवरून मागल्या दारी पळते. आपल्याला ते दिसते. पण बोललो तर दोष लागेल म्हणून आपण गप्प बसतो. हे गप्प बसणे धर्माचे का?

आपल्याच किनाऱ्यावरचे मुरुड घ्या. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणाऱ्या 'अँकरेज' संस्थेचे एक घर कुलाब्याला, तसे एक मुरुडलाही होते. पोरांना अन्नवस्त्र मिळे. चालविणारे परदेशी गृहस्थ, लोकांना दातेच वाटायचे. आत मुलांवर लैंगिक अत्याचार होत होते. २००६ साली सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ साली उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवून ती शिक्षा पुन्हा कायम केली. दान पाहून आपण हात जोडतो, अन् पोर कुणाला पाहून दचकते ते पाहायचे राहून जाते.

परकेच असे करतात असेही नाही. केंद्र सरकारच्या २००७ सालच्या पाहणीत निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले निघाले.

हसते-खेळते मूल एकाएकी अबोल होते, मोठे झाल्यावर पुन्हा अंथरूण ओले करते, झोपेत ओरडते, घरी जायला नको म्हणते, वयाला न शोभणारे काही बोलते. पाठीवर, मांडीवर वळ असतात आणि विचारले की दरवेळी निराळी कहाणी. एका खुणेवरून काही ठरत नाही. दोन-चार जुळल्या तर मात्र डोळेझाक नको. गरिबीला हेळसांड समजू नका, बरे! कोळीण पहाटे पाटी घेऊन बाजारात जाते, बाप होडीवर, पोर आजीपाशी उघडे खेळते. त्याला माया आहे. घरात शिजलेले असून पोर उपाशी, जखम चिघळली तरी कुणी बघत नाही, ती हेळसांड.

मुलाला खोदून विचारू नये, 'कुणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. शांतपणे ऐकावे आणि १०९८ वर किंवा पोलिसांना कळवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचार ठाऊक असून लपविणे हाच गुन्हा आहे; सद्भावाने कळविणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. पारावर बसून चघळणे ही निंदा. जिथे सांगायचे तिथे सांगणे ही साक्ष.

आणि यंदा दिंडीतली पोरे रात्री कुणाच्या राहुटीत निजतात, हे विणेकरीबुवांनी स्वतः पाहावे. वीस वाऱ्या केलेला माणूस असला तरी.