मागच्या बाकावरची मळमळ

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालेली गाडी देवगोईच्या घाटात शिरली की प्रवाशांचे दोन गट पडतात. गाडी लागणाऱ्यांचा एक आणि न लागणाऱ्यांचा दुसरा. पहिल्या गटातली जाणती माणसं पुढची नाहीतर खिडकीजवळची जागा आधीच धरतात. कुणी लिंबू हुंगतं, कुणी निघण्यापूर्वीच अव्होमिनची गोळी घेतलेली असते. सगळ्यात हाल होतात ते जीपच्या मागच्या भागात, समोरासमोरच्या बाकड्यांवर दाटीनं बसलेल्यांचे. त्यांना रस्ता दिसतच नाही. दिसतो समोरच्याचा चेहरा, मांडीवरची पिशवी आणि हंगाम असेल तर आमचूरचं पोतं. डोळ्यांच्या लेखी सगळं जागच्या जागी असतं, अंग मात्र दर वळणाला इकडून तिकडे फेकलं जातं.

चालकाला मात्र सहसा गाडी लागत नाही.

आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की याच घाटाची उलटी बाजू अनुभवाला येते. इथे माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो आणि डोळ्यांपुढे डोंगर, दऱ्या, रस्ते धावत असतात. थोड्या वेळात कपाळावर गार घाम येतो, तोंडात लाळ सुटते, पोटात ढवळायला लागतं. घाटात शरीर हलतं आणि नजर थांबलेली असते. व्हीआरमध्ये नजर पळते आणि शरीर थांबलेलं असतं. मळमळ दोन्हीकडे सारखीच.

याचं मूळ कानात आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि वळल्याची खबर मेंदूला जाते. शेजारीच चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. डोकं कलणं आणि सरळ रेषेतला वेग वाढणं-घटणं त्यांच्यामुळे कळतं. डोळ्यांची आणि कानाची खबर जुळली नाही की मेंदू गोंधळतो, अशी मांडणी जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ साली केली आणि आजही बहुतेक चर्चा तिथूनच सुरू होते. पण खबरा जुळल्या नाहीत तर ओकारी का यावी? मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ मध्ये एक तर्क मांडला: निसर्गात असा गोंधळ बहुधा विषबाधेनं होतो, म्हणून मेंदू सावधगिरीनं पोट रिकामं करायला निघतो. हा तर्क सगळ्यांना मान्य नाही, पण त्याच्या तोडीचं दुसरं उत्तरही सहज सापडत नाही.

कानाचा यातला वाटा किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगमालेत दिसलं. १९५८ पासून सुमारे दहा वर्षं, अंतराळ प्रवासाच्या तयारीसाठी, वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधल्या ११ कर्णबधिर पुरुषांवर चाचण्या झाल्या. त्यांच्यातल्या दहा जणांचं तोल सांभाळणारं इंद्रिय लहानपणच्या मेंदूज्वरानं निकामी झालं होतं. चौघं जण सतत फिरणाऱ्या एका खोलीत १२ दिवस राहिले. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं, तर ही मंडळी पत्ते खेळत बसली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेल्या संशोधकांनाच बोट लागली.

डोळ्यांची करामत मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या प्रदर्शनात ‘झपाटलेला झोका’ नावाचा खेळ होता. एका खोलीत टांगलेल्या झोक्यात लोक बसत. झोका हेलकावे घेतोय, पुढे तर चक्क उलटा फिरतोय, असं वाटून ते दांड्यांना घट्ट धरून ठेवत. प्रत्यक्षात फिरत असे ती खोली. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञानं (त्वचारोगतज्ज्ञ आजही वापरतात तो ‘वुडचा दिवा’ याच्याच नावाचा) पुढच्या वर्षी त्याचं वर्णन लिहून ठेवलं. काहींना घेरी आणि मळमळीमुळे बाहेर पडताना धड चालवेना. खुद्द वुडला खोलीचं गुपित ठाऊक होतं, तरी त्याच्या पोटात खड्डा पडायचा तो पडलाच.

हा अनुभव व्हीआर विकणाऱ्यांना अडचणीत टाकणारा आहे. यंत्र सुधारलं की त्रास संपेल, अशी आशा अनेक वर्षं दाखवली गेली. सुरुवातीच्या हेडसेटांत डोकं वळवल्यावर चित्र मागून यायचं. ती दिरंगाई २० मिलिसेकंदांच्या आत आणण्याचं लक्ष्य ठरलं, चित्र सेकंदाला ९० वेळा ताजं होऊ लागलं. त्यानं त्रास कमी झाला, यात शंका नाही. पण ‘झपाटलेल्या झोक्यात’ ना पडदा होता ना दिरंगाई. खोली खरी होती, भिंती खऱ्या होत्या, तरी लोकांना मळमळलं. चित्र जितकं अस्सल तितकी डोळ्यांची साक्ष भक्कम, आणि तितकीच कानाशी तिची तक्रार जोरदार.

म्हणून घाटातल्या चालकाकडे नीट पाहायला हवं. त्याच्या कानालाही तेच हेलकावे बसतात. तरी तो ठीक असतो. इस्राएलमधल्या अर्नॉन रोलनिक आणि आर. ई. लुबो यांनी १९९१ मध्ये हाच प्रश्न प्रयोगातून विचारला. माणसांच्या जोड्या करून त्यांना गरगर फिरवलं. जोडीतल्या एकाच्या हाती फिरण्याचं नियंत्रण होतं, दुसऱ्याला नेमक्या त्याच हालचाली सोसायच्या होत्या. नियंत्रण नसलेल्याला त्रास जास्त झाला. वळण घेणाऱ्याला ते येण्याआधीच ठाऊक असतं. त्याची मान आणि पाठ आधीच सावरलेली असते, मेंदूनं पुढच्या क्षणाचा अंदाज बांधलेला असतो. मागच्या बाकावरच्याला प्रत्येक वळण अचानक भेटतं.

मळमळीकडे निव्वळ पोटाची किंवा मनाची कमजोरी म्हणून पाहणं म्हणूनच चुकीचं आहे. ‘सवय होईल’ हा सल्ला खोटा नाही, सरावानं पुष्कळांचा त्रास कमी होतो. पण जुळवून घेण्याचं सगळं ओझं तो प्रवाशावर टाकतो आणि गाडी कोण, कशी चालवतंय हे विचारतच नाही. चांगले व्हीआर खेळ बनवणाऱ्यांना हे उमगलेलं दिसतं. त्यांच्या खेळांत खेळणाऱ्याला पळवत नेण्याऐवजी तो बोट दाखवेल तिथे एकदम पोहोचवतात. वेगानं सरकताना दृश्याच्या कडा काळवंडून नजरेचा पल्ला आवळतात. क्षितिज स्थिर ठेवतात.

वर्गात आलेल्या व्हीआरचं काय, हा प्रश्न आता महाराष्ट्रातही दूरचा उरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरजवळच्या वडधामना इथे कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिलेल्या अंगणवाडीचं उद्घाटन झालं. तिथल्या साधनांत व्हीआर हेडसेटही आहेत. अंगणवाडीतली मुलं तीन ते सहा वर्षांची. मेटा ही हेडसेट बनवणारी बडी कंपनी आपली साधनं आधी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत असं सांगत होती. २०२३ मध्ये तिनं पालकांच्या देखरेखीखाली ही मर्यादा दहावर आणली. त्या कंपनीच्या क्वेस्ट २ मध्ये भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खुणांवर ठेवता येतं. ही मापं मोठ्यांच्या डोळ्यांची. लहानग्यांच्या बुबुळांमधलं अंतर त्याहून कमी असतं. शिवाय प्रवासात गाडी लागण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळतं ते शाळकरी वयातच, नऊ-दहा वर्षांच्या आसपास.

मोलगी परिसरातल्या मुलांना समुद्र, तारांगण, किल्ले, संग्रहालयं वर्गात बसून दिसावीत, ही इच्छा चांगलीच आहे. घाट उतरून, रेल्वे गाठून हे सगळं पाहायला जाणं खर्चाचं आणि वेळेचं काम. पण शाळांसाठीच्या अनेक संचांत शिक्षकांच्या हाती एक टॅबलेट असतो, आणि त्यावरून सगळ्या हेडसेटांत एकच चित्रफीत एकाच वेळी चालू होते. कॅमेरा उडत असेल, धावत असेल तर वर्गातली सगळी मुलं एकदम मागच्या बाकावर बसतात. कॅमेरा एका जागी उभा असेल आणि मान फिरवून काय पाहायचं ते मूल ठरवत असेल, तर तोच किल्ला पुष्कळ सुसह्य होतो. कोणता संच घ्यावा, याच्या निविदेत किंमत आणि हेडसेटांची संख्या यांच्याबरोबर एवढी एक अट घालायला पैसे लागत नाहीत.

त्रास मोजायचा कसा, हेही ठरवावं लागेल. रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तयार केलेली १६ लक्षणांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती नौदलाच्या सिम्युलेटरांवर सराव करणाऱ्या वैमानिकांच्या अनुभवांवर बेतलेली आहे. घरात भिलीची बोली बोलणारं चार-पाच वर्षांचं मूल नव्या बाईंना ‘मळमळतंय’ असं सांगेलच असं नाही. ते गप्प होईल, किंवा खेळातून अंग काढून घेईल. एरवी बाईंना हे चेहऱ्यावरून कळलं असतं, पण हेडसेटखाली तो निम्मा झाकलेला असतो. तेव्हा चष्मा कोणालाही न विचारता स्वतःच्या हातानं काढून ठेवायचा, हे मुलाला पहिल्याच दिवशी शिकवावं लागेल, आणि तसं करणाऱ्याला वर्गात कुणी हसणार नाही एवढं बाईंना पाहावं लागेल.