दोषाचे ओझे कुणी वाहावे?

कोणतेही अरिष्ट कोसळले की माणसाच्या ओठांवर पहिला प्रश्न येतो तो 'दोष कुणाचा?' हा. जन्मांध माणसाला पाहून प्रभू येशूच्या शिष्यांनीही हेच विचारले होते. पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते. प्रभूने त्यांपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. तथापि शिष्यांची ती खोड मनुष्यजातीतून अद्याप गेलेली नाही. एखादे नाव हाती लागले की दुःख हलके होत नाही, पण मनाला स्वस्थता येते. ते नाव खऱ्या अपराध्याचे आहे की केवळ जवळ सापडलेल्या माणसाचे, याची चौकशी मग कुणी करीत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र क्वचितच विचारात घेतली जाते. ज्याच्या माथी दोष मारला गेला त्याने काय करावे? खुलासा करावा की मौन पाळावे? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून याचा ऊहापोह आम्ही वाचला आहे. परंतु त्याचे बोलके उदाहरण आम्हांस आढळले ते जॉनी पेस्की या अमेरिकन बेसबॉलपटूच्या जीवनात.

पेस्की यांचा जन्म १९१९ साली ओरेगन राज्यातील पोर्टलँड शहरी, क्रोएशियातून आलेल्या एका स्थलांतरित कुटुंबात झाला. पावेस्कोविच हे घराण्याचे मूळ आडनाव. बालपणी स्थानिक संघाच्या खेळाडूंची पडेल ती कामे करीत ते या खेळाच्या जवळ आले. १९४२ साली बोस्टन रेड सॉक्स या संघातून ते पहिल्या प्रतीच्या व्यावसायिक सामन्यांत उतरले आणि त्याच वर्षी त्यांनी २०५ यशस्वी फटके मारले. पुढील तीन वर्षे महायुद्धाने घेतली. ती त्यांनी नौदलात घालविली. परतल्यावर १९४६ मध्ये २०८ आणि १९४७ मध्ये २०७ फटके त्यांच्या नावावर लागले. तिन्ही हंगामांत त्यांच्या लीगमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते हे आकडे नव्हेत. राहिला तो एकच क्षण.

बेसबॉलमध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तळ असतात. फलंदाजाने एकेक तळ गाठीत पुन्हा घरच्या तळाशी यावे, तेव्हा एक धाव होते. पेस्की यांची जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तळाच्या मधली. दूरच्या क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू झेलून तो गरज असेल त्या तळाकडे पोहोचविणे हे या जागेचे एक महत्त्वाचे काम.

१५ ऑक्टोबर १९४६. अजिंक्यपदाच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना सेंट लुईस येथे चालू होता. आठव्या डावात दोन्ही संघांच्या तीन-तीन धावा होत्या. सेंट लुईस कार्डिनल्सचे दोन गडी बाद झाले होते आणि एनॉस स्लॉटर पहिल्या तळावर होते. हॅरी वॉकर यांनी चेंडू डावीकडच्या मध्यक्षेत्रात मारला. चेंडू फेकला जाण्यापूर्वीच स्लॉटर यांनी धाव घेतली होती. ते दुसऱ्या तळावर थांबले नाहीत, तिसऱ्यावरही थांबले नाहीत. लिऑन कल्बरसन यांनी चेंडू अडवून पेस्कींकडे फेकला. पेस्कींची पाठ घरच्या तळाकडे होती. ते वळले, त्यांनी चेंडू फेकला. परंतु तोवर स्लॉटर घरी पोहोचले होते. बोस्टनने सामना ४-३ असा गमावला.

दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य सर्वतोमुखी झाले: पेस्कींनी चेंडू हातात धरून ठेवला. चित्रफितीत असा ठळक विलंब दिसतो की नाही, याविषयी जाणकारांत वाद राहिला. घटनेची साखळी तर कितीतरी लांब होती. बोस्टनचे निष्णात मध्यक्षेत्ररक्षक डॉम डिमॅजिओ त्याच डावात धावताना जखमी होऊन बाहेर गेले होते आणि कल्बरसन त्यांच्या जागी आलेले बदली खेळाडू होते. डिमॅजिओ मैदानात असते तर आपण ते धाडस केले नसते, असे खुद्द स्लॉटर यांनी पुढे सांगितले. प्रेक्षकांच्या गर्जनेत सहकाऱ्यांची हाक ऐकू येणेही कठीणच. इतक्या कड्यांपैकी लोकांनी एकच उचलली. पेस्कींनी मात्र वार्ताहरांसमोर दोष आपल्या शिरावर घेतला, आणि कल्बरसन यांच्याकडे बोट दाखविले नाही.

येथे नीतिशास्त्र आक्षेप घेईल. जो दोष सर्वस्वी आपला नाही तो स्वीकारणे हा असत्याचाच एक प्रकार नव्हे काय? आणि सत्कीर्ती हीदेखील परमेश्वराने सोपविलेली ठेव असेल, तर ती अशी उधळून द्यावी काय? हे आक्षेप वजनदार आहेत, आणि नम्रतेचे नाव घेऊन ते झटकून टाकता येणार नाहीत. अब्रू लुटली गेलेल्या स्त्रीने, चोरीचा खोटा आळ आलेल्या मजुराने मुकाट्याने सोसावे असा उपदेश जो धर्मगुरू करील, तो अन्यायाचा भागीदार होईल. जेथे मौनामुळे अपराधी मोकाट सुटतो किंवा निरपराध कुटुंब होरपळते, तेथे बोलणे हेच कर्तव्य होय.

परंतु पेस्कींच्या प्रसंगी गुन्हा कुणाचाच नव्हता. होती ती एक चूक, आणि तीही अनेकांत वाटली गेलेली. अशा वेळी स्वतःला निर्दोष ठरविण्याचा एकच मार्ग उरतो: ओझे शेजाऱ्याच्या खांद्यावर सरकविणे. तो शेजारी आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला होता. 'चेंडू माझ्या हाती होता' हे म्हणणे असत्य नव्हते. त्यात केवळ 'पण त्यानेही' हे शब्द नव्हते. न उच्चारलेल्या त्या शब्दांतच त्यांचा सद्गुण सामावला आहे. दोष हा हातोहात फिरणारा निखारा आहे. कुणीतरी तो मुठीत धरून विझविल्याखेरीज त्याचे फिरणे थांबत नाही.

म्हणून गर्दीचे वर्तन क्षम्य ठरते काय? मुळीच नाही. लेवीयाच्या ग्रंथात प्रजेची पापे एका बकऱ्याच्या मस्तकावर ठेवून त्याला अरण्यात सोडण्याचा विधी वर्णिला आहे. तेथे निदान पापे आपली आहेत, हे प्रजेच्या वतीने आधी कबूल करावयाचे होते. आपण ती कबुली वगळली आणि बकरा तेवढा ठेवला. १९८६ साली बोस्टनच्याच बिल बकनर यांच्या पायांमधून चेंडू निसटला आणि सहावा सामना गेला. धावसंख्या त्यापूर्वीच बरोबरीत आली होती, आणि त्यानंतर सातवा सामनाही संघाने गमावला, हे कुणी ध्यानात घेतले नाही. दुसऱ्याच्या कृतीचा शक्य तितका अनुकूल अर्थ लावावा, अशी शिकवण कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेच्या विवरणात दिली आहे. घरातील भांडणापासून धर्मग्रामाच्या सभेपर्यंत ही आज्ञा आपण दररोज मोडतो, आणि पापनिवेदनाच्या वेळी तिची आठवणही आपल्याला होत नाही.

पेस्कींच्या मौनाचे खरे मोल त्यांच्या उत्तरायुष्यात दिसते. मौन कडवटपणाचेही असू शकते. असा माणूस बोलत नाही, पण मनात हिशेब ठेवतो. पेस्कींनी १९५४ मध्ये खेळणे थांबविल्यावर मैदान सोडले नाही. १९६३ आणि १९६४ या दोन हंगामांत ते बोस्टन संघाचे व्यवस्थापक होते. पुढे १९६५ ते १९६७ या काळात त्यांनी पिट्सबर्ग संघात प्रशिक्षक म्हणून काम केले. त्या संघाचे व्यवस्थापक कोण होते? हॅरी वॉकर! ज्यांच्या फटक्याने पेस्कींच्या कपाळी तो डाग लागला, त्यांच्याच हाताखाली त्यांनी सेवा केली.

१९७५ पासून ते पुन्हा बोस्टनचे प्रशिक्षक झाले. हातात सरावाची हलकी, लांब बॅट घेऊन तरुण खेळाडूंकडे जमिनीलगत चेंडू मारीत राहणे, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम बनले. वेड बॉग्ज यांनी क्षेत्ररक्षणातील उणिवा याच सरावातून भरून काढल्या आणि पुढे दुसऱ्या संघाकडून खेळताना त्यासाठीचा गोल्ड ग्लोव्ह हा मान दोनदा मिळविला. चेंडू हाती येताच काय करावे हे ज्याला कळले नाही असे जग म्हणत होते, त्याच माणसाने चेंडू कसा घ्यावा हे दोन पिढ्यांना शिकविले. ज्या जागी ठेच लागली तीच जागा त्यांनी दुसऱ्यांच्या वाटेवर सपाट करून दिली. प्रायश्चित्ताचा अर्थ आम्ही व्यासपीठावरून अनेकदा सांगत आलो. तो याहून फारसा वेगळा नाही.

२००४ साली बोस्टनने ८६ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविले, तेही सेंट लुईसच्याच कार्डिनल्सना हरवून. विजयाच्या त्या जल्लोषात तरुण खेळाडूंनी ८५ वर्षांच्या पेस्कींना मिठीत घेतले. २००८ मध्ये संघाने त्यांचा ६ हा क्रमांक त्यांच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. १३ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी ते निवर्तले.

हा शेवट गोड आहे, आणि म्हणूनच तो आपल्याला फसवू शकतो. जणू विजयाने त्यांना निर्दोष ठरविले! २००४ चा विजय झालाच नसता तर? तर ते केवळ एक कलंकित वृद्ध ठरले असते काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्यांच्या जीवनाची किंमत त्या विजयापूर्वीच ठरली होती. ज्या दिवशी त्यांनी दुसऱ्याचे नाव ओठांवर येऊ दिले नाही त्या दिवशी, आणि त्यानंतरच्या हजारो अनामिक सकाळी, जेव्हा एखाद्या नवख्या मुलाकडे ते चेंडू मारीत राहिले. न्याय मिळाला तर तो परमेश्वराचा प्रसाद समजावा. चांगुलपणाने मात्र त्याची वाट पाहत थांबू नये.