वॉकर, फुलर, टकर : एका कसबाची तीन आडनावे

इंग्लंड आणि वेल्समधील जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदींवरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील आडनावांची जी क्रमवारी लावण्यात आली, तिच्या पहिल्या विसांत ‘वॉकर’ हे आडनाव होते. इंग्रजी जाणणारा कोणीही त्याचा अर्थ ‘चालणारा’ असा करतो आणि पायी हिंडणाऱ्या एखाद्या पूर्वजाची कल्पना करून मोकळा होतो. प्रत्यक्षात हे आडनाव मध्ययुगीन लोकरी कापडाच्या धंद्यातील एका अत्यंत कष्टाच्या, दुर्गंधीयुक्त आणि तरीही अपरिहार्य अशा कसबावरून आलेले असून, ‘फुलर’ आणि ‘टकर’ ही वरकरणी त्याच्याशी काहीही संबंध नसलेली आडनावेही त्याच कसबाची आहेत.

मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ, तेलकट आणि सैल असते, कारण मेंढीच्या अंगचा स्निग्धांश आणि कातताना लावलेले तेल किंवा लोणी त्यात मुरलेले असते. ते काढून टाकणे आणि धागे एकमेकांत गुंतवून कापड दाट करणे, या दुहेरी क्रियेला इंग्रजीत ‘फुलिंग’ म्हणतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि सततचा दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात, कापड लांबी-रुंदीत आटते, जाड होते आणि नमद्याच्या जवळ जाते. त्यासाठी कापड हौदात घालून, त्यावर शिळे मूत्र ओतून कारागीर ते तासन्‌तास अनवाणी पायांनी तुडवीत. शिळ्या मूत्रातील अमोनियामुळे चरबी सुटते, हे ज्ञान रोमन काळापासूनचे असून पॉम्पेईच्या अवशेषांत अशा कारखान्यांचे हौद आजही पाहावयास मिळतात. सम्राट व्हेस्पेशियनने तर मूत्रावर करही बसवला होता. उरलेली चरबी शोषून घेण्यासाठी एक विशिष्ट चिकणमाती वापरली जाई. तिचे इंग्रजी नावच ‘फुलरची माती’ असे आहे, आणि चेहऱ्याला लावण्यासाठी मराठी घरांत आणली जाणारी मुलतानी माती ही त्याच जातीची आहे. इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना या मातीचे मोल इतके वाटत होते की सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी होती. तुडवून आणि धुऊन झालेले कापड आकड्यांच्या चौकटीवर ताणून उन्हात वाळवीत, टीझल नावाच्या वनस्पतीच्या काटेरी बोंडांनी त्याची लव उभी करीत आणि मोठ्या कातरीने ती सारखी छाटीत. या शेवटच्या कामावरून ‘शर्मन’ हे आणखी एक आडनाव निघाले.

याच एका कामाला इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे होती. आग्नेय आणि पूर्व भागात ‘फुलर’ रूढ होते, ज्याचे मूळ लॅटिन ‘फुल्लो’ या शब्दात आहे. नैऋत्येस, विशेषतः डेव्हन आणि सॉमरसेटमध्ये, ‘टकर’ म्हणत. त्यामागचे जुने इंग्रजी क्रियापद मुळात ‘छळणे, हाल करणे’ या अर्थाचे होते, आणि कापडाचे जे होत असे ते पाहता ही अर्थच्छटा चपखल म्हणावी लागते. उत्तरेत आणि पश्चिम मध्यभागात ‘वॉकर’ चालत असे. कारागीर कापडावर चालत म्हणून त्याला वॉकर म्हणत, ही लोकप्रिय उपपत्ती मात्र उलटी आहे. जुन्या इंग्रजीतील ‘वेल्कन’ या क्रियापदाचा अर्थ ‘घोळणे, लोळवणे’ असा होता आणि त्यापासून झालेला ‘वेल्करे’ हा शब्द कापड मळणाऱ्यासाठी वापरात होता. त्या धातूला ‘पायी चालणे’ हा अर्थ पुढे, मध्यकालीन इंग्रजीत आला. म्हणजे वॉकर हे नाव चालण्याच्या आजच्या अर्थाहून जुने आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामात एक यंत्र आले. ओढ्यावरच्या पाणचक्कीच्या आसाला खुंट्या बसवून त्यांनी लाकडी हातोडे आळीपाळीने उचलावेत आणि हौदातील कापडावर पाडावेत, अशी ही योजना होती. इंग्लंडमधील तिचा अगदी सुरुवातीचा उल्लेख ११८५ च्या, टेंपलर या धार्मिक लढवय्या संघाच्या मालमत्तेच्या पाहणीत सापडतो. या हातोड्यांचा आवाज किती धडकी भरवणारा असे, याची कल्पना सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’मुळे स्पेनबाहेरच्या वाचकांनाही आहे, त्यात नायक आणि त्याचा सेवक रात्रभर ज्या आवाजाने हादरतात, तो सकाळी अशाच गिरणीचा निघतो. एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ मध्ये एका गाजलेल्या निबंधात या यंत्राला तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांतीचे कारण ठरवले आणि कापडधंदा जुन्या शहरांतून उठून वेगवान ओढ्यांच्या खेड्यांकडे गेला तो याच्यामुळे, असे प्रतिपादन केले. पुढच्या अभ्यासकांनी या मांडणीला बऱ्याच मर्यादा घातल्या आणि ते योग्यच झाले. परंतु यंत्रामागची सत्ता त्या निबंधाने नेमकी ओळखली होती, कारण गिरणी जमीनदाराची असे आणि कुळांनी कापड तिथेच आणावे अशी सक्ती होई. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने अशी सक्ती केली तेव्हा घरीच कापड तुडवणाऱ्या गावकऱ्यांनी १२७४ मध्ये त्याच्याविरुद्ध उघड झगडा मांडला.

इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत होत गेली तो काळही साधारण हाच, म्हणजे बारावे ते चौदावे शतक, उत्तरेत त्याहूनही काहीसा उशिराचा. पायांचे काम हातोडे घेत असतानाच त्या कामाची नावे कुटुंबांना कायमची चिकटत होती. विल्यम लँग्लंडच्या ‘पियर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकातील काव्यात कापड तयार होण्याचे जे वर्णन येते, त्यात पायांनी तुडवणे आणि यंत्राने कुटणे हे दोन्ही पर्याय शेजारीशेजारी आहेत.

मग वॉकर आडनावाची माणसे इतकी, म्हणून कापड तुडवणारेही तितके, असा हिशेब मांडता येईल काय? तो मांडू नये. आडनाव शेजाऱ्यांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी पडते. ज्या खेड्यात सगळेच नांगर धरीत, तिथे नांगरावरून कोणाची ओळख पटणार नव्हती. लोहार मात्र गावात एखादाच असे, म्हणून ‘स्मिथ’ आडनाव सर्वत्र पसरले. वॉकर, फुलर, टकर यांच्या वाटणीवरून कोणत्या प्रदेशात कोणता शब्द चालत होता हे विश्वासाने सांगता येते, संख्येविषयी फारसे काही नाही. शिवाय नाव वंशात राहिले तरी काम राहिलेच असे नाही. महाराष्ट्रात कुलकर्णी, देशपांडे ही नावे वतनाशी बांधलेली होती आणि वतनाचे हक्क-कर्तव्य पिढ्यान्‌पिढ्या चालत असल्यामुळे नाव आणि काम दीर्घकाळ सोबत राहिले. इंग्लंडमधील कारागिराच्या आडनावामागे असे कोणतेही वतन नव्हते. थॉमस फुलर सतराव्या शतकात धर्मोपदेशक आणि इतिहासकार म्हणून गाजला. गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या आणि १८०७ ची काठियावाडची खंडणी-व्यवस्था लावणाऱ्या कर्नल अलेक्झांडर वॉकरचाही लोकरीशी संबंध राहिला नव्हता. कसबाचे नाव मात्र इमारतीलाही चिकटून राहू शकते: एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि कातरणारे यांच्या संघाने १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ या नावाने उभी आहे.

वेल्समध्ये या कसबाने आडनाव दिलेच नाही, कारण तिथे माणसाची ओळख बापाच्या नावाने होई. तिथे गिरणीचे नाव गावांना मिळाले. ‘पँडी’ म्हणजे अशी गिरणी, आणि १९१० च्या खाणकामगारांच्या दंगलींमुळे प्रसिद्ध झालेल्या टोनीपँडीच्या नावात ती आहे. ब्रिटनमध्ये हाताने कापड कुटण्याचे काम सर्वांत अधिक काळ, पार विसाव्या शतकापर्यंत, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर टिकले. तिथे ते बायकांचे काम होते. फळीभोवती बसून, गेलिक गाणी म्हणत, ओले कापड त्या लयीत आपटीत आणि पुढे सरकवीत. ही गाणी संशोधकांनी ध्वनिमुद्रित केली असून ती आज उपलब्ध आहेत. त्या बायकांची आडनावे मॅक्नील, मॅक्डॉनल्ड, मॅक्लिऑड अशी, कुळांवरून पडलेली होती.