अंजिराच्या झाडाखाली



योहानच्या शुभवर्तमानातील नथनेल आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. फिलिप त्याला प्रभू येशूकडे घेऊन येतो, तर प्रभू त्याला आधीच ओळखतो. फिलिपने हाक मारण्यापूर्वी, अंजिराच्या झाडाखाली असतानाच प्रभूने त्याला पाहिले होते. नथनेल तेथे काय करीत होता हे शुभवर्तमानकार सांगत नाही. प्रार्थना करीत असेल, चिंतेत असेल, नुसताच बसला असेल. कोणाला दाखविण्यासाठी मात्र तो बसला नव्हता. तरीही कोणीतरी त्याला पाहिले होते, आणि तेवढ्यानेच त्याचे मन जिंकले.

मुलांच्या मोबाईलविषयी पालक तक्रार घेऊन येतात तेव्हा मला हा नथनेल आठवतो. दहावीचे वर्ष आहे, डोळे बिघडले, हाक मारली तर ओ देत नाही. हे सारे खरेच आहे. पण पंधरा वर्षांचे मूल रात्री एक वाजता पांघरुणात तो उजेड घेऊन काय पाहात असते? पुष्कळदा आपला फोटो किती जणांनी पाहिला, किती जणांना आवडला, हेच. मला कोणी पाहिले का, असे ते विचारीत असते. हा प्रश्न वाईट नाही. तान्हे बाळसुद्धा आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसते.

अडचण आहे ती उत्तर देणाऱ्याची. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दरवेळी दाणा मिळणारे कबुतर, दाणा बंद झाल्यावर लवकर थांबते. दाणा कधी मिळेल याचा नेम नसलेले कबुतर मात्र कितीतरी वेळ चोच मारीतच राहते. पडद्यावर बोट फिरविताना आपलेही असेच होते. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. इन्स्टाग्राममुळे काही मुलींना स्वतःच्या शरीराविषयी अधिकच वाईट वाटते, असे कंपनीच्याच पाहणीत आढळले होते. मुलगी विचारते, मला कोणी पाहिले का? उत्तर मिळते, तुझ्यापेक्षा हिला पाहा.

यंत्र फेकून द्या, असे मी म्हणत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अक्युतिस हा संगणकात रमणारा मुलगा. २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. पवित्र मिस्साशी संबंधित चमत्कारांची माहिती त्याने संगणकावरूनच जगापुढे मांडली. व्हिडिओ गेमला मात्र आठवड्यातून एकच तास दिला.

पालकहो, मिस्साच्या वेळी देवळात वाजणारा फोन सहसा मुलांचा नसतो, हेही सांगून टाकतो. घरी मूल काही सांगायला येते तेव्हा त्याला बापाचे कपाळ दिसते, डोळे दिसत नाहीत. मग ते डोळे दुसरीकडे शोधते.

एखादे मूल जेवेनासे झाले, मित्रांना टाळू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर मोबाईलचे खूळ म्हणून सोडून देऊ नका. प्रार्थना कराच, पण डॉक्टरांकडेही न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

बाकीच्यांनी या आठवड्यापासून एवढे करून पाहावे. संध्याकाळी रोजरीला बसण्यापूर्वी घरातले सर्व फोन एका टोपलीत ठेवावेत, वडिलांचा पहिला. रोजरी संपल्यावर लगेच उठू नये. दहा-पंधरा मिनिटे मुलांजवळ तसेच बसावे. त्या वेळात मार्कांविषयी मात्र काही विचारू नये.