पदरमोड कोणाची?

दूरचित्रवाणीसाठी एखादा ‘रिअ‍ॅलिटी शो’ काढावा, अशी कल्पना होतकरू तरुणाला सुचते. वाहिन्यांची दारे सहज उघडत नाहीत. मग पदरमोड करून नमुन्याचा एक भाग, म्हणजे ‘पायलट’, स्वतःच तयार करावा, असे त्याला वाटू लागते. वरकरणी हा हिशेबाचा प्रश्न आहे. वस्तुतः तो नीतीचाही आहे. स्वप्नासाठी माणसाने किती पणाला लावावे, आणि कोणाचे?

याचे थोर उदाहरण आपल्याच मातीत आहे. ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट मुंबईत पाहताना धुंडिराज गोविंद फाळके यांच्या मनात भारतीय चित्रपटाची कल्पना रुजली. विम्यावर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि कर्ज मिळाले. आजच्या भाषेत तो ‘पायलट’च होता. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

परंतु यश मिळाले म्हणून निर्णय योग्य ठरला, असे म्हणणे घाईचे होईल. ज्यांची घरे अशाच स्वप्नापायी बुडाली, त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. निर्णयाची पारख त्या क्षणी माणसाजवळ असलेल्या विवेकावरून व्हावी, पुढे लागलेल्या फळावरून नव्हे. त्या दृष्टीने फाळक्यांच्या दोन गोष्टी ध्यानी घेण्याजोग्या आहेत. त्यांचा नमुना लहान होता. एका रोपावर त्यांनी आपली विद्या सिद्ध केली. आणि सरस्वतीबाई केवळ दागिने देऊन बाजूला झाल्या नाहीत. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून कलावंतांच्या स्वयंपाकापर्यंत त्या कामात होत्या. धोका त्यांना दिसत होता. मुलांच्या शिक्षणाचे किंवा वृद्ध मातापित्यांच्या औषधपाण्याचे पैसे त्यांच्या नकळत उचलणारा मात्र दुसऱ्याचा पदर मोडत असतो. घरच्यांचे मौन म्हणजे संमती नव्हे.

आणखी एक व्यावहारिक सत्य असे की, नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. ‘आर. जी. आनंद’ खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कॉपीराइटचे संरक्षण कल्पनेला नसून तिच्या मांडणीला असते. म्हणजे पैसे घालूनही कल्पना दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते.

तथापि, खरा पेच याहून खोल आहे. हरिश्चंद्राचा वेष उतरवून नट घरी जात असे. रिअ‍ॅलिटी शोमधला माणूस स्वतःच्याच नावाने पडद्यावर येतो आणि तीच प्रतिमा घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांत परततो. स्वीडनमध्ये १९९७ साली ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या कार्यक्रमातून प्रथम बाहेर पडलेल्या स्पर्धकाने प्रक्षेपणापूर्वीच आत्महत्या केली. कोणाच्या मनाचा ठाव कोणाला लागतो? म्हणून थेट दोषारोप करणे बरे नव्हे; पण या खेळात हाताळली जाणारी वस्तू किती नाजूक आहे, हे त्यावरून कळावे.

इथेच पदरमोडीचा सूक्ष्म मोह दडलेला आहे. दागिने सावकाराकडे असतील, हप्ता तोंडावर आला असेल, तर संकलनाच्या टेबलावर सज्जन माणसाचाही हात ढळतो. दोन वाक्ये कापली की साधा मतभेद कडाक्याचे भांडण होतो. कोणाचे तरी अश्रू जरा जास्त वेळ दाखवले जातात. पैसा गमावण्याच्या भीतीने माणूस दुसऱ्याची अब्रू खर्ची घालू लागतो.

तेव्हा स्वप्न पाहणाऱ्याने पैसे घालू नयेत काय? अवश्य घालावेत, पण बुडाले तरी घर उभे राहील इतकेच, आणि घरच्यांना सर्व सांगून. गरज पडल्यास तयार भाग पेटीत बंद करून ठेवता येईल, एवढी मोकळीक स्वतःजवळ राखावी. ‘हे दृश्य मला दाखवायचे नाही’ असे म्हणण्याची ज्याची ऐपत उरलेली नाही, त्याने आपल्या कुवतीबाहेर पैसा गुंतवला आहे, असे खुशाल समजावे.