रुफैदा (रजि.) यांचा तंबू आणि आपल्या लेकी

घरातील एखादी स्त्री रुग्णालयात दाखल झाली की आपली पहिली विचारणा ठरलेली असते. तपासायला बाई डॉक्टर आहेत का? अंग पुसायला, कपडे बदलायला सिस्टर येतील ना? ही विचारणा रास्तच आहे. लज्जा हा ईमानचा भाग आहे आणि आजारपणातही माणसाची अब्रू राखली जावी, अशी इस्लामची शिकवण आहे. मात्र त्याच घरातील बारावी झालेल्या मुलीने नर्सिंगला जाण्याची इच्छा बोलून दाखविली की सूर बदलतो. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांना हात लावावा लागतो, चांगली स्थळे येत नाहीत, लोक काय म्हणतील, अशी कारणे एकामागून एक पुढे येतात. म्हणजे आपल्या आईच्या शुश्रूषेला दुसऱ्या कोणाची तरी लेक हवी. आपली लेक मात्र कोणाच्या आईच्या उशाशी उभी राहता कामा नये. वाचक बंधू-भगिनींनो, या विसंगतीकडे दीनच्या प्रकाशात शांतपणे पाहण्याची वेळ आली आहे.

उपचार हा तवक्कुलच्या विरोधात नाही

आरोग्य देणारा केवळ अल्लाह आहे, ही आपली श्रद्धा. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या पालनकर्त्याची ओळख करून देताना, मी आजारी पडतो तेव्हा तोच मला बरे करतो, अशी ग्वाही दिल्याचे कुरआनने सूरह अश-शुअरामध्ये (26:80) सांगितले आहे. या श्रद्धेचा काही जण उलटाच अर्थ लावतात. औषधाच्या मागे लागणे म्हणजे अल्लाहवरील भरवसा कमी असणे, असे त्यांना वाटते.

हाच प्रश्न प्रेषितांच्या (स.) काळातही विचारला गेला होता. काही ग्रामीण अरबांनी, आम्ही उपचार करावेत काय, असे विचारले तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना उपचार करण्यास सांगितले. वार्धक्य वगळता अल्लाहने असा कोणताही आजार ठेवला नाही ज्यावर इलाज निर्माण केला नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. दुसऱ्या खलिफांच्या काळात, इ. स. 639 च्या सुमारास, शाममध्ये प्लेगची साथ पसरली. हजरत उमर (रजि.) वाटेतूनच माघारी वळले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय, असा सवाल केला. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आजार जसा तकदीरमध्ये आहे, तसे औषधही तकदीरमध्येच आहे. मग एकाचा स्वीकार करून दुसऱ्याला नाकारणे हा कोणता तवक्कुल?

अज्ञानाने घेतलेला जीव

उपचार करावा इतके सांगून इस्लाम थांबत नाही. तो जाणकाराने करावा, असेही बजावतो. एका प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगडाने जखम झाली. पुढे त्याला स्नानाची गरज पडली. तयम्मुमची सवलत मिळेल काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत कशी, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो दगावला. हे कळताच प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले. त्यांनी त्या सोबत्यांना त्याच्या मृत्यूस जबाबदार धरले आणि अज्ञानावरील इलाज विचारणे हाच आहे, अशी शिकवण दिली. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर होणाऱ्या हानीची जबाबदारी राहते, हेही हदीसमध्ये आले आहे.

आपल्या वस्त्यांतील क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन. सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात आणि पोषणासाठी दरमहा 1000 रुपयांचे साहाय्यही रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची योजना आहे. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते. मग रुग्ण गोळ्या सोडतो. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात. अर्धवट उपचारातून तगलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होतात आणि मग लांब, कठीण उपचाराची वेळ येते. खोकल्यावाटे तेच जंतू घरातील लेकराबाळांपर्यंत पोहोचतात.

अशा वेळी त्या घराला कोणाची गरज असते? दाराशी येऊन, गोळी घेतली का, असे आपुलकीने विचारणाऱ्या, सुनेला तिच्याच बोलीत समजावणाऱ्या, आजार लपविणाऱ्या आजीचा विश्वास जिंकणाऱ्या कोणाची तरी. हे काम परिचारिकेचे आहे. ती त्याच मोहल्ल्यातील असेल, तर उंबरठ्याआडची जी गोष्ट डॉक्टरांच्या कानी जात नाही ती तिच्या कानी जाते.

शुश्रूषेचा दर्जा

रुग्णसेवेला दीनमध्ये किती मोठे स्थान आहे, हे एका हदीसे कुदसीवरून कळते. कयामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील की मी आजारी होतो, तू माझ्या समाचाराला का आला नाहीस? दास चकित होईल. तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास, तर मला तेथेच पावला असतास. समाचाराला जाण्याचे हे मोल असेल, तर रात्रभर जागून कूस बदलणाऱ्या हातांचे मोल काय असेल?

हे काम केवळ स्त्रियांचे, असेही समजू नये. बदरच्या प्रसंगी हजरत उस्मान (रजि.) यांची पत्नी, प्रेषितांची (स.) कन्या हजरत रुकैय्या (रजि.), आजारी होत्या. प्रेषितांनी (स.) उस्मान (रजि.) यांना त्यांच्या सेवेसाठी मदीनेतच थांबविले आणि बदरमध्ये सहभागी झालेल्याइतकेच पुण्य व तितकाच वाटा त्यांना दिला. रुकैय्या (रजि.) वाचल्या नाहीत, विजयाची वार्ता मदीनेत आली तेव्हा त्यांचा दफनविधी होत होता. तरीही पतीने केलेली ती सेवा वाया गेली, असे कोणी म्हणू शकत नाही. पत्नीच्या आजारपणात तिला माहेरी धाडून मोकळे होणाऱ्या पुरुषांनी या घटनेवर विचार करावा.

मस्जिदीतील तंबू

खंदकच्या लढाईत, हिजरी सन 5 मध्ये, हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. त्यांना हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यात आले. या सहाबिया जखमींवर उपचार करीत असत आणि त्यांचा तंबू प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत होता. स्वतः प्रेषित (स.) सकाळ-संध्याकाळ तेथून जाताना साद (रजि.) यांची विचारपूस करीत. क्षणभर हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. इस्लामच्या त्या सर्वोत्तम काळात, मस्जिदीच्या आवारात, एक स्त्री जखमी सरदाराची शुश्रूषा करीत आहे आणि अल्लाहचे प्रेषित (स.) त्या कामाला जागा व मान देत आहेत.

रुफैदा (रजि.) एकट्या नव्हत्या. हजरत उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांत गेल्या, स्वयंपाक, जखमींचे उपचार आणि आजाऱ्यांची देखभाल हे त्यांचे काम होते. उहुदच्या दिवशी प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावरील जखम हजरत फातिमा (रजि.) धूत होत्या आणि हजरत अली (रजि.) पाणी ओतत होते. पाण्याने रक्त थांबेना, तेव्हा फातिमा (रजि.) यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेत भरली आणि रक्त थांबले. हजरत रुबैय्यि बिन्ते मुअव्विज (रजि.) यांनी सांगितले आहे की आम्ही मोहिमांत पाणी पाजीत असू, सेवा करीत असू आणि जखमींना मदीनेला पोहोचवीत असू. इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस वैद्यकाच्या प्रकरणात, पुरुषाने स्त्रीवर व स्त्रीने पुरुषावर उपचार करावेत काय, या मथळ्याखाली दिली आहे. विद्वानांनी यावरून गरजेच्या प्रसंगी व गरजेच्या मर्यादेत अशी अनुमती असल्याचे सांगितले आहे.

पुढे हीच परंपरा रुग्णालयांच्या रूपाने बहरली. 1284 मध्ये कैरो येथे सुलतान कलावून यांनी उभारलेल्या रुग्णालयात स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होते. स्वतंत्र विभाग हवा, तर तेथे काम करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियाही हव्यात, हे उघड आहे.

सर्वांवरचे कर्ज

इमाम गज्जाली (रह.) यांनी आपल्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात वैद्यकाची गणना फर्जे किफायामध्ये केली आहे. म्हणजे समाजातील पुरेशा लोकांनी ते कर्तव्य पार पाडले तर सर्वांची सुटका. कोणीच पुढे आले नाही तर सर्वच जबाबदार. लोक फिकहच्या वादांकडे धावतात आणि वैद्यकाकडे वळत नाहीत, अशी खंतही त्यांनी नोंदविली आहे. त्यांना जाऊन नऊशे वर्षे लोटली. खंत ताजीच आहे. प्रसूतिकक्षात पडदा हवा असणाऱ्या समाजाने त्या कक्षासाठी आपल्या मुली दिल्या नाहीत, तर पडद्याची अपेक्षा कोणाकडून करायची?

पालकांच्या शंका अगदीच निराधार आहेत, असे नाही. मुलीची सुरक्षितता हा गंभीर विषय आहे. पण त्यावर उपाय शोधता येतो. त्यासाठी मुलीचे शिक्षणच थांबविणे हा उपाय नव्हे. महाविद्यालयाला वसतिगृह आहे का, रात्रपाळीनंतर घरी पोहोचण्याची सोय काय, हे वडिलांनी व भावांनी स्वतः जाऊन पाहावे. गरज भासेल तेव्हा भावाने आणायला जावे. तेही पुण्याचेच काम आहे. नमाजच्या वेळेविषयी संकोच असेल, तर आलिमांना विचारावे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी चालू नमाजही तोडावी, असे सांगणारी आपली फिकह रुग्णाच्या संकटाकडे डोळेझाक करणारी नाही.

मार्गही अनेक आहेत. बारावीनंतर एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बीएस्सीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. प्रवेशापूर्वी संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे याची खात्री करून घ्यावी. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणी होत नाही; पैसा व वर्षे दोन्ही वाया जातात. मुलांनीही या क्षेत्राचा विचार करावा. पुरुष रुग्णांनाही लज्जा असतेच. जकातीच्या नियोजनात गरजू व पात्र विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा विचार कसा करता येईल, हे मस्जिद समित्यांनी आलिमांच्या सल्ल्याने ठरवावे.

ज्या भगिनी आज या सेवेत आहेत, त्यांना इतकेच सांगणे आहे की आपली नियत रोज ताजी करा. पगार हा आपला हक्क आहे. पण सलाइन लावताना मनात अल्लाहची प्रसन्नता असेल, तर तेच काम इबादत ठरते. खाटेवरील माणूस कोणत्या धर्माचा, हे पाहू नका. सूरह अल-माइदामध्ये (5:32) एक जीव वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे मानले आहे आणि तेथे जीव या शब्दापुढे कोणतीही जात लिहिलेली नाही. आणि ज्यांचा आप्त रुग्णालयात आहे, त्यांनी सिस्टरवर आवाज चढविण्यापूर्वी एकदा आठवावे की तिच्या वाट्याला आपल्या रुग्णासारखे आणखी कितीतरी रुग्ण आहेत.

साद (रजि.) यांची जखम पुढे पुन्हा उघडली आणि ते शहीद झाले. रुफैदा (रजि.) यांच्या हाती जीव नव्हता, सेवा होती, आणि ती त्यांनी पूर्ण केली. आपल्या लेकीने अशी सेवा करण्याची इच्छा व्यक्त केली, तर तिला अडविण्यापूर्वी मस्जिदीतील तो तंबू आठवावा. तो तेथे कोणाच्या संमतीने उभा होता, हेही आठवावे.

हे अल्लाह, आमच्या रुग्णांना आरोग्य दे, त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांना बळ व अब्रू दे, आणि आमच्या घरांतून असे हात निर्माण कर जे तुझ्या दासांच्या वेदनेवर फुंकर घालतील. आमीन.