उधळण आणि गळती

रात्री जेवणे आटोपली, टीव्ही बंद झाला, घर शांत झाले, की काही घरांत एक बारीक आवाज ऐकू येऊ लागतो. संडासातील फ्लशची टाकी भरतच असते. दिवसा हा आवाज संसाराच्या गलबल्यात बुडून जातो. कुणाच्या कानावर आला तरी 'रविवारी बघू' असे म्हटले जाते. रविवार येतो, मिस्साबलिदान होते, पाहुणे येऊन जातात आणि पाणी वाहतच राहते.

हा विषय चर्चच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण त्यात एक खरा नैतिक प्रश्न आहे. ज्या कृतीने कुणाचे नुकसान झालेले डोळ्यांना दिसत नाही, ती चुकीची म्हणता येईल का? चोरी झाली तर ज्याचे गेले तो माणूस समोर असतो. खोटे बोललो तर फसलेला माणूस असतो. गळक्या टाकीने कुणाचे काय घेतले?

आधी टाकीत काय घडते ते पाहू. टाकीच्या तळाशी पाणी कमोडमध्ये जाण्याचे भोक असते आणि त्यावर रबराचा एक वॉशर बसलेला असतो. बटण दाबले की तो उचलला जातो, पाणी धावते आणि तो पुन्हा जागेवर बसतो. काही वर्षांनी रबर कडक होते, वाकते, त्यावर क्षार साचतात. मग ते घट्ट बसत नाही आणि फटीतून पाणी कमोडमध्ये झिरपते. पातळी खाली गेली की बॉल कॉकचा फुगा खाली येतो आणि नळ पुन्हा उघडतो. कुठे फरशी भिजत नाही, भिंतीला ओल येत नाही. म्हणून ही गळती महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हिशोब करू. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप, एवढे पाणी झिरपते असे धरा. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे दिवसाला १४४ लिटर पाणी गटारात गेले. आपल्या देशात शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. खेड्यांसाठी जलजीवन मिशनने ठरवलेले प्रमाण ५५ लिटरचे आहे. म्हणजे चहाच्या कपाएवढी ही गळती खेड्यातील अडीच माणसांचा दिवसाचा वाटा पिऊन टाकते.

पण केवळ आकडा मोठा आहे म्हणून ती गोष्ट चूक ठरत नाही. बेथानीची घटना आठवा. मरियेने जटामांसीचे मौल्यवान तेल येशूच्या चरणांवर ओतले. ते तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. येशूने मरियेचीच बाजू घेतली. तोच येशू, पाच हजारांना जेवू घातल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला शिष्यांना सांगतो आणि बारा टोपल्या भरतात. ज्याच्या हातात भाकरी वाढवण्याचे सामर्थ्य होते, त्याला तुकड्यांची एवढी काळजी कशाला? आणि तुकड्यांची काळजी करणाऱ्याला तीनशे दिनारांचे तेल सांडलेले कसे चालले?

या दोन प्रसंगांत विरोध नाही. तेल ओतले गेले ते कुणासाठी तरी. त्यामागे प्रेम होते आणि ते एका माणसापर्यंत पोहोचले. तुकडे तसेच पडून राहिले असते तर ते कुणापर्यंतच पोहोचले नसते. पहिली उधळण आहे, दुसरी गळती. देताना हात आखडता घेणे ही ख्रिस्ती काटकसर नव्हे. पाहुण्याला तांब्याभर पाणी द्यावे, बाळाला पोटभर अंघोळ घालावी, अंगणातले झाड जगवावे. हे पाणी वाया जात नाही. वाया जाते ते, ज्याचा कुणाला घोटभरही उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट दोषाची. रबर झिजले यात कुणाचा दोष नाही. वापरातली प्रत्येक वस्तू झिजते, माणूसही झिजतो. आपल्याला कळल्यावरही आपण ते चालू देतो, तिथे दोष सुरू होतो. मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृती यांबरोबरच, करायचे राहून गेलेल्या गोष्टींबद्दलही क्षमा मागतो. पापनिवेदनाच्या तयारीत मात्र आपण केलेलेच आठवतो. न केलेले आवाज करत नाही आणि केलाच तर तो या टाकीइतका बारीक असतो. भाडेकरू म्हणतो, घरमालक बघेल. घरमालक म्हणतो, राहतो त्याने बघावे. सोसायटीत पाण्याचे बिल सामाईक, म्हणून कुणाच्याच खिशाला झळ नाही. सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, या समजुतीतूनच बहुतेक गळत्या चालू राहतात.

यावर एक रास्त शंका निघते. माझ्या टाकीत वाचलेले पाणी मोखाड्याच्या बाईच्या हंड्यात जाणार आहे का? थेट जाणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण आपले पाणी येते कुठून? आपल्या वसईत विहीर आणि बोअरवेल यांच्या तळाशी सर्वांचे पाणी एकच आहे. पूर्वी बावखले त्या विहिरींना आधार देत. आता उपसा वाढला आणि किनाऱ्यालगत समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले. नळाला येणारे सूर्या धरणाचे पाणी पालघरच्या डोंगराळ भागातून येते. त्या धरणाखाली आदिवासींच्या जमिनी गेल्या. जे पाणी दुसऱ्याच्या त्यागातून आपल्या घरी येते, ते न वापरताच गटारात सोडणे ही खाजगी बाब कशी म्हणावी? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले. त्याच विश्वपत्रात त्यांनी पाणी कमी वापरण्यासारख्या रोजच्या छोट्या कृतींनाही मोल दिले. ज्याचा हक्क आहे तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर नसला, तरी त्याचा हक्क उरतोच.

म्हणून या आठवड्यात एक सोपी गोष्ट करावी. टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर बहुधा वॉशर गेला आहे. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, जुना वॉशर काढून दुकानात दाखवा आणि त्याच मापाचा नवा आणा. बसवण्यापूर्वी खालची जागा घासून क्षार काढा. नवा वॉशर बसवूनही पाणी वाहत असेल, तर बहुधा फुगा फार वर राहतो आहे आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जात आहे. फुगा थोडा खाली घ्यावा. जमत नसेल तर प्लंबरला बोलवावे.

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत, जिथे म्हातारी माणसे एकटी राहतात. मुले परदेशी आहेत, गुडघे वाकत नाहीत, प्लंबर छोट्या कामाला येत नाही. ते आवाज रात्रभर ऐकतात, पण करू काही शकत नाहीत. त्यांच्याकडे दोष नाही. ज्यांचे हात धड आहेत अशा तरुणांनी एक पाना आणि एक वॉशर घेऊन त्यांच्या दारी जावे. काम अर्ध्या तासाचे आहे. चहा मिळेल, तो नाकारू नये.